आसरगोटा: घर एक, माणसं चार

१

निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या मास्तराला जगात कोणी विचारत नाही, असं मी धरून चाललो होतो. १९८४च्या जानेवारीत वामनरावांचं कार्ड आलं. माझे हे जुने स्नेही गडचिरोलीच्या नव्या कचेरीत हेडक्लार्क होते. चांद्यापासून जिल्हा वेगळा होऊन दीड वर्ष झालं होतं, जुनी दप्तरं गाड्या भरभरून आली होती आणि त्यातली गावांची नावं शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत होती. तरुण कारकुनांना ती वाचता येईनात. 'गुणवंतराव, घरी माशा मारत बसण्यापेक्षा इकडे या,' असं वामनरावांनी लिहिलं होतं.

मी खरोखर माशाच मारत होतो. माझी बायको कमळा जाऊन चार वर्षं झाली होती आणि ब्रह्मपुरीच्या घरात दिवसभर माझ्याशी बोलायला रेडिओ तेवढा होता. मुलगी आशा ऊर्जानगरला, जावई तिथल्या वीज केंद्रात नोकरीला. 'बाबा, आता तरी इकडे राहायला या,' हे तिच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी असायचं. मुलीच्या दारात जाऊन राहणं माझ्या ताठ्याला झेपत नव्हतं. मी कमळाचा फोटो पिशवीत टाकला आणि गडचिरोलीत केसरबाईंच्या घराची मागची खोली घेतली.

काम मला फार आवडलं. जुनं नाव वाचायचं, आजचं गाव कोणतं ते शोधायचं, नव्या वहीत मराठीत उतरवायचं. जुन्या साहेबांची स्पेलिंगं म्हणजे मौज होती. वैनगंगेत ते कुठूनही 'वाय' घुसवत. ब्रह्मपुरीच्या शेवटी दोन 'ई' लावून तिला उगाच लांबवत. दाखवणे या अर्थाच्या 'शो'मध्ये 'ओ'च्या जागी 'ई' घालत. 'टुडे'चे दोन तुकडे करून मध्ये बारीक रेघ मारत. तुरुंगाचं स्पेलिंग तर असं, की माझ्या वर्गात कोणी लिहिलं असतं तर मी त्याचा कान पिळला असता.

अर्थांची गंमत आणखी निराळी. 'नाइस' हा आजचा गोडबोला शब्द या वह्यांमध्ये बारीक, काटेकोर या अर्थाने यायचा, आणि त्याच्याही आधी कधीतरी त्याचा अर्थ मूर्ख असा होता. 'ऑफुल' म्हणजे ज्याच्यापुढे मान खाली जावी असं काहीतरी. आता चहात साखर कमी पडली तरी ऑफुल. शब्द तोच, आत राहणारा भाडेकरू बदललेला. संध्याकाळी खोलीवर आलो की मी कमळाच्या फोटोला हे सगळं सांगत बसायचो, कारण सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

२

यादीतली काही गावं बेचिराग होती. बेचिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही. माणसं उठून गेलेली, नाव तेवढं दप्तरात उरलेलं. अशा गावांसाठी कचेरीची एक जुनी पद्धत होती. कोतवालाने नाल्याच्या अलीकडे उभं राहून गावाचं नाव तीनदा पुकारायचं. कारकुनाने गावाकडे पाठ करून बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. एक बिडी ओढून होईपर्यंत थांबायचं, मग वहीत लिहायचं: हाक दिली, उत्तर नाही. याला हाकपंचनामा म्हणत. असं का करायचं, म्हणून मी वामनरावांना विचारलं. ते म्हणाले, कचेरीत बरंच काही असं असतं, करून टाकायचं.

माझ्या यादीतलं शेवटचं गाव आसरगोटा. १८६९च्या वहीत लिहिलं होतं: बेचिराग, घर नाही, माणूस नाही. १८९३च्या वहीत: बेचिराग, घर एक, माणूस एक. १९११ला घर एक, माणसं दोन. १९३४ला तीन. १९५६ला चार. घर मात्र एकच, आणि दर वेळी पुढे 'बेचिराग' लिहिलेलं.

वामनरावांना दाखवलं तर ते पोट धरून हसले. उजाड गावातही लोकसंख्या वाढते आहे, आता तिथे कुटुंबनियोजनाचं शिबिर घ्यावं लागेल म्हणाले. मीही हसलो. नकला करताना एकाने चूक केली की पुढचे ती इमानाने उतरवतात, हे मला ठाऊक होतं. पण उतरवलेली चूक तशीच राहते, दर वेळी एकाने वाढत नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती मी वामनरावांना लगेच सांगितली नाही. महिनाभर या वह्यांत राहून मी एकेका कारकुनाला त्याच्या लकबीवरून ओळखायला लागलो होतो. १९११चा माणूस वैनगंगेत न चुकता दोन 'ओ' घालायचा. १९३४चा 'टुडे'मधली रेघ शेपटीसारखी खाली ओढायचा. १८६९नंतरच्या चारही वह्यांत आसरगोट्याच्या ओळीपर्यंत एक हात होता आणि पुढच्या ओळीपासून दुसरा. आधीचा हात पुन्हा कुठल्याच पानावर दिसला नाही. शेवटी वामनरावांना सांगितलं, तेव्हा बदली झाली असेल म्हणाले. चौघांची? त्याच ओळीवर? यावर त्यांनी पान लावायला घेतलं.

१८६९च्या वहीत समासात साहेबाचा एक शेरा होता. १९५६च्या कारकुनाने त्याचं मराठी केलं होतं: 'लेखकास येथे हाक मारताना त्रास होऊ देऊ नये.' मला हसू आलं. त्या काळी रायटर म्हणजे कारकून, आणि 'टू सफर' या क्रियापदाचा एक अर्थ सोसणे असला तरी इथे तो मुभा देणे असा होता. शेरा होता, कारकुनाला इथे हाक मारू देऊ नये. मी लाल शाईने दुरुस्ती केली. एवढा अर्थ लावणारा मी जिल्ह्यात एकटाच, म्हणून त्या दिवशी स्वतःवर खूशही होतो.

३

एप्रिलच्या शेवटी आसरगोट्याला निघालो. मी आशाला कळवून टाकलं होतं, वैशाखी पौर्णिमेला येतो, आणि या वेळी राहायला येतो. काम संपत आलं तसं ब्रह्मपुरीच्या घरात परत एकटं बसणं मला नकोसं झालं होतं. ताठा कुठे गेला कोण जाणे. एक गाव उरलं होतं, ते झालं की मी मोकळा.

बस जिथे संपली त्या गावचा कोतवाल पोचू. वय साठीचं, अंगाने काटकुळा. पण पाहतो तर त्याचा घसा पार बसलेला. पुतणीच्या लग्नात दोन रात्री गाणी म्हणून आवाजाचं भुसकट करून ठेवलं होतं. चार दिवस थांबा, असं तो मला खुणेने आणि कुजबुजीने सांगत राहिला. मी म्हटलं, चल तर खरा.

चार मैल चाललो. मोहाची फुलं वेचून झालेली, सागाची पानं सगळी खाली, सावली अशी कुठे नव्हती. भर दुपारी त्या रानात पाखरूही बोलत नव्हतं. आमच्या पायांखाली पानं मोडायची तेवढाच आवाज. नाल्याशी पोचलो तर तो कोरडा होता. पलीकडे चिंचा, मातीचे उंचवटे झालेली घरं, एक फुटकं जातं. पोचूने मला गावाकडे पाठ करून दगडावर बसवलं आणि स्वतः पुकारायला उभा राहिला. त्याच्या तोंडून हवा तेवढी निघाली.

"चार दिस थांबा, गुरुजी," तो कुजबुजला. "जो लिवते त्यानं पुकारू नये."

मला ते ठाऊक होतं. लाल शाईने मीच तर लिहिलं होतं. पण अशा चार दिवसांचे पंधरा होतात, पुन्हा ती बस, पुन्हा हे ऊन, आणि पौर्णिमा हुकली तर आशा पुन्हा रुसणार. मनात म्हटलं, एकतीस वर्षं साठ-साठ पोरांची हजेरी घेतली, एका उजाड गावाची घ्यायला काय होतंय. मी वही मांडीवर धरली, साहेबाचं जुनं स्पेलिंग समोर ठेवलं आणि वर्गात काढायचो त्या आवाजात आसरगोट्याचं नाव तीनदा पुकारलं.

"हजर."

आवाज स्वच्छ होता, घाईचा नव्हता. मागच्या बाकावरून यावा तसा आला. आणि माझ्या हाताने वहीत, माणसांच्या रकान्यात, तिरपी रेघ मारली. मी ठरवून मारली नाही. नाव पुकारायचं, हजर ऐकायचं, रेघ मारायची, हे हाताला एकतीस वर्षं लागलेलं वळण होतं. रेघ पडून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं.

पोचूला विचारलं, तिकडे कोण आहे. तो माझ्याकडे असा पाहत होता, जणू मीच परका आहे.

"तिकडं कोणी नाई, गुरुजी. नाव तुमीच पुकारलं, अन् हजर बी तुमीच म्हणले."

तेव्हा मी वळून पाहिलं. पाहायचं नसतं हे माहीत असून पाहिलं. चिंचांच्या मधून एक अंगण दिसलं, शेणाने सारवलेलं. सारवण अजून ओलं होतं आणि त्यावरची बोटं दिसत होती. पोचूने माझा दंड धरून मला उठवलं. परतीचे चार मैल तो मला पुढे घालून चालला.

४

उन्हाने डोकं फिरलं, अशी मी समजूत घातली. उपाशी माणूस, भर दुपार, कानात घुमणारा स्वतःचाच आवाज, असं होतं. कचेरीत ती रेघ खोडायला गेलो तर वामनरावांनी हात धरला. सरकारी वहीत खाडाखोड चालत नाही. ज्याने उत्तर ऐकलं त्यानेच पुन्हा जाऊन हाक द्यायची, उत्तर आलं नाही तर तसं लिहायचं. एका रेघेसाठी कोण वनवास भोगतो, राहू द्या तशीच, असंही ते म्हणाले. मी राहू दिली.

उन्हाळ्यामुळे कचेरी सकाळची झाली होती. दुपारी मी खोलीवर पडून असायचो. आठवड्याने केसरबाई पाण्याचा गडवा घेऊन आल्या आणि दारातच घुटमळल्या. "गुरुजी, रोज दुपारी तुमी कोणाले हजर हजर म्हणून राह्यले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झोपेत बोलत असेन. त्या म्हणाल्या, नाही, तुम्ही तर भिंतीला टेकून जागे बसलेले असता.

मला भीती वाटली. कमळा गेली तेव्हा दुःख झालं होतं, एकटेपणाची सवय झाली होती, पण अशी भीती कधी वाटली नव्हती. पौर्णिमेला दोन दिवस होते. मी सामान बांधलं आणि ऊर्जानगरला निघून गेलो. माणसांत गेलं की हे जाईल असं वाटलं.

आशाने माझ्यासाठी खोली लावून ठेवली होती. पलंगावर नवी चादर, खिडकीत कमळाच्या फोटोला जागा. पौर्णिमेच्या सकाळी वंदना झाली, तिने खीर केली. दुपारी आम्ही दोघंच जेवायला बसलो; जावई पाळीवर गेले होते. पहिला घास घेतला आणि मी माझ्याच तोंडून ऐकलं, हजर.

आशाला वाटलं, मी थट्टा करतो आहे. लहानपणी ती माझ्याच वर्गात होती आणि हजेरीला सगळ्यांच्या आधी ओरडायची. ती हसली. खिरीचा डाव हातात तसाच धरून ती म्हणाली, "बाबा, मी पण हजर."

माझा उजवा हात ताटाजवळ होता. त्याच्या बोटांनी खिरीत तिरपी रेघ ओढली.

तब्येत बरी नाही म्हणून मी उठलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने, आशा उठायच्या आत, गडचिरोलीला परत आलो. मला जे काय लागलं होतं ते माझ्यापुरतं असतं तर मी तिथेच राहिलो असतो. तिच्या घरात ते घेऊन राहणं शक्य नव्हतं. आधी ती रेघ रद्द करायची, मग जायचं, एवढंच डोक्यात होतं.

५

पोचूचा घसा आता ठीक होता. मी पुकारतो म्हणाला. पण ज्याने ऐकलं त्यानेच पुकारायचं, असा कचेरीचा नियम. तो नाला दिसायच्या आधीच एका टेंभुर्णीशी थांबला आणि पुढे येईना. मी एकटा गेलो.

तोंडात रुमाल कोंबायचा हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. गावाकडे पाठ करून बसलो. तीनदा नाव पुकारलं आणि लगेच रुमाल दातांत घट्ट धरला. माझ्या तोंडून काही निघालं नाही. मागूनही काही आलं नाही. ऊन तापत होतं, पान हलत नव्हतं. मी मनात शंभर मोजले, मग दोनशे. इतकी चांगली शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. पेन्सिल काढली आणि 'उत्तर' हा शब्द लिहिला. 'नाही' लिहायचा होता.

"बाबा, मी पण हजर."

तेच हसू. तोच खिरीचा डाव हातात असल्यासारखा सूर. आशा तिथून पाऊणशे मैलांवर आपल्या घरी होती, हे मला कळत होतं. हाताला कळत नव्हतं. पेन्सिल माणसांच्या रकान्याकडे निघाली होती आणि मी डाव्या हाताने मनगट धरूनही ती थांबेना.

रेघ पडणारच होती. कोणाची पडायची एवढंच माझ्या हातात उरलं होतं. मी रुमाल थुंकला आणि जितक्या मोठ्याने ओरडता येईल तितक्या मोठ्याने ओरडलो, हजर, मी गुणवंत हजर, दुसरं कोणी नाही. ओरडतच उठलो, वळलो आणि नाला ओलांडून त्या अंगणात गेलो. वही हातात होती. रेघ पडली तेव्हा मी सारवणावर उभा होतो.

६

तेव्हापासून इथे आहे. नाला इथून दिसतो. मी त्याच्याकडे चालत जातो, बराच वेळ चालतो आणि तो तेवढाच लांब राहतो. भूक लागत नाही.

अंगणात आणखी चौघे आहेत. भिंतीकडे तोंड करून ओळीने बसलेले असतात, मला त्यांच्या पाठी दिसतात. एकाच्या डोक्याला फेटा आहे, एकाचा कोट कोपरावर फाटलेला. मी त्यांच्या पुढे जाऊन पाहिलेलं नाही. दुपार झाली की ते माना वर करतात.

काल दुपारी वाटेवर पावलं वाजली. पोचू होता आणि त्याच्यासोबत आशा. प्रवासाने तिचं तोंड उतरलं होतं, खांद्यावर माझी जुनी पिशवी होती. नाल्याच्या काठावर ती पोचूच्या पुढे आली आणि तिने हाक मारली, "बाबा." मला तिला सांगायचं होतं, जा, मागे फीर. पण इथून गेलेला कोणताही शब्द उत्तर ठरतो. मी दोन्ही हात तोंडावर दाबून खाली बसलो. तिने दुसऱ्यांदा हाक मारली, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तिचा आवाज चिरकला आणि मी हाताला दात लावले, रक्त आलं, पण गप्प राहिलो.

त्या चौघांनी उत्तर दिलं. चौघांनी एकदम, आणि माझ्याच आवाजात.

आशा धावतच खाली उतरली. पोचूने तिला नाल्याच्या मध्यावर गाठलं आणि दोन्ही हातांनी ओढत मागे नेलं. ती ओरडत होती की बाबा आत आहेत, मी त्यांचा आवाज ऐकला. पोचू म्हातारा आहे आणि तिच्यासाठी म्हणून एकदा आला, पुन्हा तो या वाटेने येणार नाही. ती येईल. आपला बाप जिवंत आहे एवढं तिला कळलं आहे, आणि आज नाही तर उद्या दुपारी ती एकटीच येईल.